रिकामा खिळा

त्या क्रीडागृहात शिरलं की डाव्या हाताला, पंचांच्या टेबलामागे, दीड पुरुष उंचीवर एक काळा लाकडी फळा दिसायचा. फळ्यावर चार खिळे, दोन डाव्या संघाचे, दोन उजव्या संघाचे. व्हॉलीबॉलचा सामना चालू असताना त्या खिळ्यांवर पत्र्याचे आकडे टांगायचे आणि उतरवायचे, हे काम बावीस वर्षं एकाच बाईने केलं. तिच्या हातात लांब काठी असायची, काठीच्या टोकाला वाकवलेली तार, आणि त्या काठीला सगळे आकडी म्हणत. आकडीने आकडे टांगते म्हणून ती झाली आकडेमावशी. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ती वही कुणी उघडून वाचत नसे.

मावशी म्हणजे कुणी गरीब गाय असेल असं समजू नका. सकाळी सातला येऊन ती सगळं क्रीडागृह झाडायची, पुसायची, जाळी ताणून बांधायची, हे खरं. पण दुपारी सामना सुरू झाला की ती फळ्याखालच्या लोखंडी खुर्चीत बसायची आणि मग तिथे तिचं राज्य. खुर्चीचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली असायची, आणि ती घडी कुणी हलवलेली तिला खपत नसे. गुण मिळाला की खेळाडू आधी फळ्याकडे बघत, मग एकमेकांकडे. मावशीला हे फार आवडायचं. बावीस वर्षांत आपला आकडा फक्त एकदा चुकला असं ती सांगायची, आणि त्या वेळी डोळ्यात चिलट गेलं होतं हेही लगेच सांगून टाकायची.

या फळ्याची एक गंमत होती. त्याला शून्यच नव्हतं. शून्याचे पत्रे पहिल्याच वर्षी कुठेतरी हरवले आणि नवे करून घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. त्यामुळे रिकामा खिळा म्हणजे शून्य. दहा दाखवायचे तर डाव्या खिळ्यावर एक टांगायचा आणि उजवा तसाच सोडायचा. एखादा नवखा प्रेक्षक विचारायचा, "एवढा वेळ खेळून एकच गुण झाला का हो?" मावशी मान न वळवता म्हणायची, "एक कुठल्या खिळ्यावर आहे ते बघा." हा हिशेब तिच्या अंगात इतका मुरला होता की घरी फडताळातला डबा संपला तरी ती म्हणायची, साखरेचा खिळा रिकामा झाला.

मग साठी जवळ आली आणि उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. आकडी डाव्या हातात घेतली तर आकडे उलटे लागायचे, आणि सरळ करेपर्यंत पुढचा गुण होऊन जायचा. खेळाडू फळ्याकडे बघायचे आणि ओरडून पंचांना गुण विचारायचे. त्या ओरडण्याने मावशीला खांद्यापेक्षा जास्त दुखायचं.

क्रीडागृहाचे सेक्रेटरी तसे भले गृहस्थ. कुठल्याही गोष्टीला "बघू" म्हणायची त्यांना सवय होती आणि बहुतेक गोष्टी ते खरंच बघायचे. वार्षिक स्पर्धेला दोन महिने असताना त्यांनी मावशीला बोलावून सांगितलं, "मावशी, यंदा अंतिम सामन्याला भाड्याचा डिजिटल फळा आणायचा ठरलाय. चालवायला माणूस त्यांचाच येतो. तो बरा वाटला तर मग कायमच तसं करू. तुम्ही आता आत सामानाच्या खोलीत बसत जा, आरामात."

"आरामात बसायला घरी काय काटे आहेत का?" मावशी म्हणाली. पण आवाज नेहमीसारखा नव्हता. सामानाच्या खोलीला खिडकी नव्हती आणि तिथून मैदान दिसत नसे. तिची खुर्ची जाणार होती. नोकरी राहील, चहा मिळेल, सगळे मावशी मावशी करतील, फक्त फळ्याखालची ती जागा राहणार नाही. घरी जाताना तिला रडू आलं आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

घरी सूनबाई होती. मुलगा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने बाहेर, त्यामुळे घरात या दोघीच. दोघींचं चक्क पटायचं आणि शेजारपाजाऱ्यांना ते पचत नसे. सूनबाई तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. त्या संध्याकाळी ती उद्याच्या तासाची तयारी करत जेवणाच्या टेबलावर बसली होती. पुढ्यात लॅपटॉप, त्याला वायरने जोडलेला तळहाताएवढा मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे चिमुकल्या संगणकाचा, बोर्ड, आणि बोर्डाच्या एका पिनेला लावलेला बारकासा लाल दिवा. तिने दोन ओळी लिहिल्या. दिवा पेटला, विझला, पेटला, विझला.

मावशी उभी राहून बघत होती. "हे कोण करतंय?"

"मी लिहिलंय तसं ती पिन करतेय, आई. तिला हाय सांगितलं की दिवा लागतो, लो सांगितलं की जातो."

"म्हणजे टांग आणि उतरव."

सूनबाई हसली. "हो. अगदी तेच."

"अशा किती पिना असतात?"

"मोठ्या बोर्डाला पन्नासच्या वर."

मावशीने खुर्ची ओढली आणि बसली. "मला शिकव."

पुढचे सात आठवडे त्या टेबलावर कुणी जेवलं नाही. दोघी ताटं मांडीवर घेऊन जेवायच्या. मावशी एका बोटाने टाइप करायची, आणि त्या बोटाने सूनबाईचा अंत बघितला. ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला की संगणक रुसून बसायचा. शेवटी मावशीने स्वतःपुरता नियम केला, ओळ म्हणजे धागा, शेवटी गाठ मारायची. मग गाठ क्वचितच सुटली. हाय आणि लो हे शब्द तिला आवडले नाहीत. सूनबाईने सांगितलं, आज्ञांना तुम्हाला हवी ती नावं देता येतात. त्या दिवसापासून तो सगळा प्रोग्रॅम इंग्रजी अक्षरांत पण मावशीच्या भाषेत लिहिला गेला. पिना टांगू लागल्या आणि उतरवू लागल्या.

एका आकड्याला प्रकाशाच्या सात काड्या लागतात. चार आकडे, म्हणजे अठ्ठावीस काड्या, अठ्ठावीस पिना. दिव्यांची पट्टी कापून मावशीने काड्या केल्या आणि क्रीडागृहातल्या जुन्या सूचनाफलकाची चौकट आणून तिच्यात बसवल्या. पिनेला थेट एवढी मोठी काडी पेटवणं झेपत नाही, ती नुसता इशारा करते, ओझं उचलायला मधे दुसरी चिप लागते. "म्हणजे पिन आपल्या सेक्रेटरींसारखी," मावशी म्हणाली. तारांना कथलाचा डाग देताना दोन बोटं भाजली. कुठल्या आकड्याला कुठल्या काड्या, त्याचा तक्ता तिने एका जुन्या वहीत मांडला, एकपासून नऊपर्यंत. शून्यापुढे काहीच लिहिलं नव्हतं.

"आई, शून्य?"

"शून्याला काय दाखवायचं? रिकामं."

सूनबाईने मान डोलावली आणि विषय सोडून दिला. ती चूक होती, पण सासूशी रोज किती वाद घालायचे यालाही मर्यादा असते.

आता बटणं. प्रत्येक संघाला एक वाढवायचं, एक कमी करायचं, आणि दोघांना मिळून एक सगळं पुसायचं, अशी पाच. या पिनांचं काम उलटं, त्यांनी सांगायचं नाही, ऐकायचं. पहिल्या दिवशी एकदा दाबलं की दोन-तीन गुण चढायचे. सूनबाईने समजावलं की बटणाची पत्री दाबल्यावर क्षणभर थरथरते आणि बोर्ड इतका चलाख की प्रत्येक थरथर मोजतो. मग मावशीने एक ओळ घातली, एकदा ऐकलंस की सेकंदाचा विसावा भाग गप्प बस. दुसऱ्या दिवशी सूनबाई परीक्षेच्या कामासाठी चार दिवस बाहेरगावी गेली.

आणि मावशी आवराआवरीला लागली. प्रत्येक बटणाच्या पिनेपासून ग्राउंडच्या, म्हणजे शून्य विजेच्या, तारेपर्यंत सूनबाईने एक छोटा रेझिस्टर जोडला होता, रंगीत पट्ट्यांचा मण्यासारखा. मावशीला त्याचं काही प्रयोजन दिसेना. बटण दाबलं की वीज येते, सोडलं की जाते, मग न दाबलेल्या पिनेला हा मणी कशाला? रिकामा खिळा तो रिकामा. तिने एक मणी काढून बघितला. बटण चाललं. पाचही काढले. सगळं चाललं. सूनबाई हुशार आहे पण हात सैल, असं म्हणत तिने ते मणी टाचण्यांच्या डबीत टाकले.

गुरुवारी दुपारी सेक्रेटरी आणि समितीची मंडळी बघायला जमली. मावशीने दिव्यांचा फळा भिंतीला टेकवून ठेवला, पंधरा मीटरच्या तारा जमिनीवरून टेबलापर्यंत आणल्या, बटणांचा डबा मांडीवर घेतला आणि वीज चालू केली. बटणाला तिने अजून बोटही लावलं नव्हतं. फळ्यावर डाव्या संघाचे तीन झाले. मग सात. उजव्या संघाचे चार, मग एकदम एकोणीस. मैदानावर खेळाडू नाहीत, चेंडू पेटीत, आणि सामना ऐन रंगात आलेला. मग सगळं काळं झालं.

"बंद पडला का?" सेक्रेटरींनी विचारलं.

"बंद नाही. शून्य झालंय," मावशी म्हणाली.

समितीतले एकजण खोकल्याचं निमित्त करून हसले. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. मावशीचे कान तापले. सेक्रेटरी मात्र हसले नाहीत, आणि ते तिला जास्त लागलं.

"मावशी, रविवारी भाड्याचा फळा येतोच आहे," ते हळूच म्हणाले.

"रविवारी. शनिवारी पाच सामने आहेत. शनिवारी आकडी कोण धरणार, तुम्ही?"

सेक्रेटरींनी कोपऱ्यातल्या आकडीकडे बघितलं. "बघू," ते म्हणाले, आणि खरंच थोडा विचार केला. "शनिवार तुमचा. पाचही सामने पंचांच्या गुणपत्रकाशी जुळले तर रविवारसुद्धा तुमचाच. एका गुणाचा फरक पडला, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"कबूल," मावशी म्हणाली.

मंडळी गेली. रिकाम्या क्रीडागृहात ती त्या फळ्यासमोर बसून राहिली आणि बावीस वर्षं जे केलं तेच केलं, नीट बघत राहिली. पंखे बंद केले की आकडे जरा हळू पळत होते. तारेजवळ नुसता हात नेला, स्पर्शही न करता, की पळापळ वाढायची. तिने एका पिनेतून तार उपटूनच काढली. आता त्या पिनेला काहीच जोडलेलं नव्हतं. खिळा पार रिकामा. आणि तरी त्याच पिनेचा आकडा वाढला. मावशी त्या पिनेकडे बघतच राहिली. मग तिने फोन लावला.

सगळं ऐकून घेतल्यावर सूनबाईने एकच प्रश्न विचारला. "आई, मणी कुठे आहेत?"

"टाचण्यांच्या डबीत."

"आई, रिकामी पिन म्हणजे शून्य नाही. ती अधांतरी असते. आजूबाजूच्या विजेच्या तारांची, पंख्यांची, तुमच्या हाताची, जी काही कुणकुण येईल ती ती ऐकते. तो मणी तिला शून्यावर धरून ठेवतो. बटण दाबलं की जोराची वीज येते, मण्याला तिच्यापुढे माघार घ्यावी लागते. सोडलं की मणी पुन्हा तिला खाली आणतो. घरी तारा वीतभर होत्या म्हणून नशिबाने निभावलं."

"म्हणजे शून्यसुद्धा कुणीतरी धरून ठेवावं लागतं."

"हो. आणि तारा लांब आहेत, तर जरा घट्ट धरणारे मणी घ्या. माझ्या खोक्यात बघा, तपकिरी, काळा, लाल अशा पट्ट्यांचे."

"मी तुला सैल हाताची म्हणाले होते," मावशी म्हणाली. चूक कबूल करायची तिची ही रीत होती.

शुक्रवारी सूनबाई परत येईपर्यंत पाचही मणी जागेवर बसले होते. मावशीने सगळे पंखे लावले, सगळे दिवे लावले, तारांवर ओला हात फिरवला. फळा ढिम्म हलला नाही. तेव्हा तिने आणखी एक काम केलं, जे कुणी सांगितलं नव्हतं. वहीतल्या तक्त्यात शून्यापुढची रिकामी जागा भरली, मधली सोडून बाकीच्या सहा काड्या टांग. ओळीला गाठ मारली.

शनिवारी सकाळी फळ्यावर चार शून्यं लागली. लाल, टपोरी, मैदानाच्या पार टोकावरून दिसणारी. खेळाडू बघून थांबले. पंच म्हणाल्या, "अरे वा, आज सुरुवात तरी सगळ्यांना दिसली." मावशी खुर्चीत बसली, पुठ्ठ्याची घडी नीट केली आणि डबा मांडीवर घेतला. पहिला सामना जुळला. दुसरा, तिसरा, चौथाही जुळला. आता गुण व्हायचा आणि आकडा बदलायचा, मधे श्वास घ्यायलाही वेळ जात नव्हता. दुखरा हात मांडीवरच राहात होता, कामाला फक्त दोन बोटं. तिच्या लक्षात आलं की आज कुणीही गुण ओरडून विचारलेला नाही.

पाचवा सामना रंगला. चौथा डाव, फळ्यावर तेवीस-बावीस. पंचांशेजारी बसून गुणपत्रक लिहिणाऱ्या गृहस्थांनी हात वर केला. त्यांच्या कागदावर बावीस-बावीस होतं.

खेळ थांबला. सेक्रेटरी उठून टेबलापाशी आले. मावशीच्या मनात पहिला विचार आला तो मण्यांचा, एखादा सुटला का, ते भूत परत आलं का. तिचं बोट कमी करायच्या बटणावर होतं. एकदा दाबलं की बावीस-बावीस. कुणी बघितलंही नसतं, सेक्रेटरी पाठमोरे होते. फळा आणि कागद जुळले असते आणि खुर्ची राहिली असती.

बोट तिथेच होतं. मग तिने ते उचललं. झालेला गुण झाला. बावीस वर्षं ती हेच करत आली होती, आणि आता पिनांना मणी होते, म्हणजे न झालेला गुण फळ्यावर यायला वाटच नव्हती.

"फळा बरोबर आहे," ती म्हणाली. सगळे वळले. मावशी उभी राहिली आणि पंचांकडे बघून म्हणाली, "सतरावा गुण. चार नंबरच्या मुलीने चेंडू उजव्या कोपऱ्यात टाकला, तो रेषेवर पडला, तुम्ही हात खाली करून आत दाखवलंत. तेव्हा हे गुणपत्रकवाले टेबलाखाली पेनाचं टोपण शोधत होते."

गुणपत्रकवाल्यांनी नकळत खिशावर हात ठेवला. टोपण खिशात नव्हतं. पंचांनी कागद ओढून घेतला, सर्व्हिस कुणी कधी केली त्या खुणा बोटाने मोजल्या, आणि दोन्ही कर्णधारांना बोलावलं. ज्या संघाचं यात नुकसान होतं त्याच संघाची कर्णधार म्हणाली, "हो, तो रेषेवरचा आमच्याविरुद्ध गेला होता." खुणाही तेच सांगत होत्या. एक गुण कागदावर लिहायचा राहिला होता.

"फळ्याप्रमाणे," पंच मोठ्याने म्हणाल्या. "तेवीस-बावीस." आणि शिट्टी वाजली.

सामना संपल्यावर सेक्रेटरी बाजूला जाऊन फोनवर बोलत होते. भाड्याचा फळा नको म्हणून सांगत होते, हे मावशीने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. मग ते येऊन म्हणाले, "उद्या दहाला या, मावशी."

"मी सातला येते," मावशी म्हणाली. "झाडायचं कुणी?"

रविवारी क्रीडागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत सूनबाई बसली होती आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती की त्या आमच्या आई, फळ्याचा सगळा प्रोग्रॅम त्यांनी लिहिलाय. अंतिम सामना पाच डावांपर्यंत गेला आणि प्रत्येक गुणाला हजारभर माथी चेंडूवरून फळ्याकडे वळली. शेवटचा आकडा लागला तेव्हा जिंकलेल्या मुली धावत आल्या आणि फळ्याखाली फोटोला उभ्या राहिल्या. कर्णधार म्हणाली, मावशींशिवाय फोटो नाही. मावशी मधे उभी राहिली, पदर सारखा करून, डबा हातातच ठेवून. तिला इतका आनंद झाला होता की फोटोत ती सगळ्यांपेक्षा रागीट दिसते.

गर्दी पांगली. मावशीने पुसायचं बटण दाबलं. चार शून्यं लागली आणि ती त्यांच्याकडे बघत बसली. दाराची किल्ली हातात घेऊन सेक्रेटरी आले.

"मावशी, सगळं शून्य झालं. आता बंद करायचं ना?"

"शून्य दिसतंय म्हणजेच ते चालू आहे, साहेब," मावशी म्हणाली. "बसा दोन मिनिटं."

सेक्रेटरी बसले. मावशीने कोपऱ्यातली आकडी डाव्या हाताने उचलली आणि जुन्या लाकडी फळ्याच्या पहिल्या खिळ्यावर टांगून ठेवली.